कोड उघडा करतेस, तर माझं थोडं ऐक

तुझं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स करायचं ठरवलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तुला बरंच काही ऐकवणार आहे आणि ताई पाय मागे ओढतेय असं तुला वाटायला नको. पुण्यातली नोकरी सांभाळून, रात्री जागून, तू एका मराठी मंडळाच्या ग्रंथालयाला वेबसाइट करून दिलीस. सभासदांना घरबसल्या पुस्तक शोधता येतं, राखून ठेवता येतं; ग्रंथपालबाईंना कुणाची वर्गणी थकलीय ते एका यादीत दिसतं. अशी मंडळं बडोद्यात आहेत, इंदूरला आहेत, बेळगावला आहेत, आणि सॉफ्टवेअर विकत घेण्याइतका पैसा त्यांतल्या फार थोड्यांकडे आहे. तेव्हा कर, नक्की कर.

फक्त एक गोष्ट मनात पक्की धर. कोड इंटरनेटवर टाकणं हे एका संध्याकाळचं काम. तू नसताना तो चालेल अशी घडी बसवणं, हे खरं काम. तुझी नोकरी बदलेल, घरी कुणाचं आजारपण निघेल, किंवा सरळ कंटाळा येईल. त्यात गैर काही नाही. पण त्या दिवशी ग्रंथपालबाईंनी कुणाचं दार ठोठावायचं, याचं उत्तर आत्ताच तयार हवं.

बडोद्याच्या मांडवीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयात आपण लहानपणी जायचो ते आठव. पुस्तकांच्या मजल्यावर पायाखाली काचेच्या लाद्या, त्यांतून खालच्या मजल्यावर झिरपणारा उजेड, आणि अमेरिकेतल्या स्नेड कंपनीच्या त्या पोलादी मांडण्या. त्या काचेवर पाय टाकायला तू घाबरायचीस. इमारतीचं कौतुक सगळेच करतात. मला अलीकडे तिच्यामागच्या व्यवस्थेचं जास्त वाटायला लागलंय. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेत तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. स्वतःच्या खासगी संग्रहातली सुमारे २०,००० पुस्तकं लोकांसाठी दिली. आता बघ, हा बॉर्डन इथे राहिला जेमतेम तीन वर्षं. १९१३ मध्ये परत गेला. पण ग्रंथालयांची चळवळ बसली नाही, कारण त्यानं आल्याबरोबर इथल्या माणसांना ग्रंथपालन शिकवायला घेतलं होतं आणि पुस्तकं कशी लावायची याची पद्धत ठरवून दिली होती. पुढे जनार्दन सखाराम कुडाळकरांनी कारभार सांभाळला आणि १९१९ मध्ये या सगळ्या चळवळीवर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या राज्यातल्या गावोगावी फिरत राहिल्या. ज्यानं सुरू केलं तो गेला आणि काम चालू राहिलं. तुझ्या सॉफ्टवेअरचं असं व्हावं, एवढंच माझं मागणं आहे.

बडोद्याच्या त्या ग्रंथालय योजनेतला एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. गावाला वाचनालय हवं असेल तर गावानं आधी आपला वाटा जमवायचा. मग तेवढेच पैसे सरकार देणार आणि तेवढेच प्रांत पंचायत. गावानं काही काढलंच नाही तर वरूनही काही नाही. हा नियम लक्षात ठेव, शेवटी त्याचं काम पडणार आहे.

आता तुझ्याच क्षेत्रातली गोष्ट. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाचा एक भाग आहे, तिथल्या ग्रंथालयाची जुनी संगणक यंत्रणा २००० साल उजाडलं की दगा देणार अशी भीती होती. बाजारातल्या तयार यंत्रणा त्यांना झेपण्यासारख्या नव्हत्या. त्यांनी १९९९ मध्ये काटिपो नावाच्या एका छोट्या कंपनीकडून वेबवर चालणारं नवं सॉफ्टवेअर लिहून घेतलं, आणि जानेवारी २००० मध्ये ते सुरू झालं. तेच कोहा. कंपनी छोटी, ग्रंथालय छोटं. उद्या एकानं हात वर केले तर दुसऱ्यानं काय करायचं? म्हणून त्यांनी कोड जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुला केला. आज जगभरातली ग्रंथालयं कोहावर चालतात, आपल्याकडची दिल्ली पब्लिक लायब्ररीसुद्धा.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग तुझ्या कामाचा आहे. कोहाभोवती सेवा देणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या लायब्लाइम या अमेरिकन कंपनीकडे कोहाच्या नावाचं मूळ डोमेन होतं. २०१० च्या सुमाराला कंपनी आणि बाकीचा समुदाय यांचं बिनसलं, तेव्हा समुदायाला स्वतःचं नाव असलेला पत्ता सोडून कोहा-कम्युनिटी असा नवा पत्ता घ्यावा लागला. पुढे ती कंपनी दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली आणि न्यूझीलंडमध्येच कोहा या नावाच्या ट्रेडमार्कचा वाद उभा राहिला. जिथे ते सॉफ्टवेअर जन्मलं, त्याच ग्रंथालयाच्या ट्रस्टला विरोधात उभं राहावं लागलं. शेवटी ती नोंदणी नाकारली गेली, पण मधली वर्षं, पैसा, मनस्ताप? कोड खुला होता, त्याला कुणी हात लावू शकलं नाही. अडचण झाली ती नावाची आणि पत्त्याची.

म्हणून सांगते, डोमेन तुझ्या खासगी ईमेलवर आणि तुझ्या एकटीच्या कार्डावर ठेवू नकोस. मंडळ नोंदणीकृत संस्था आहे ना? मग डोमेन मंडळाच्या नावावर घे आणि नूतनीकरणाची तारीख कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंदवून ठेव. सर्व्हरचे पासवर्ड किमान दोघांकडे हवेत, आणि त्यातली एक व्यक्ती घरातली नको. सॉफ्टवेअरचं नाव कुणी वापरायचं, कसं वापरायचं, याच्याही चार ओळी पहिल्याच दिवशी लिहून टाक. वाद नसताना लिहिलेल्या ओळी वादाच्या वेळी उपयोगी पडतात.

तुला कुणीतरी विचारणारच, "कोहा असताना हे कशाला?" रागावू नकोस, प्रश्न रास्त आहे. कोहा मोठं आहे. त्याला लिनक्सचा सर्व्हर लागतो, ग्रंथनोंदींची मार्क ही पद्धत समजणारं माणूस लागतं. संध्याकाळी दोन तास उघडणाऱ्या वाचनालयात, जिथे एकच बाई नोंदी करतात, पावत्या फाडतात आणि फॅनही पुसतात, तिथे ते पेलत नाही. हे तुझ्या माहितीच्या पानावर सरळ लिही: हे कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही. आणि एक कर, नोंदी मार्कमध्ये बाहेर काढायची सोय पहिल्या आवृत्तीतच दे. एखादं ग्रंथालय वाढलं, त्याला कोहावर जायचं झालं, तर तुझ्यापाशी अडकून पडायला नको. जाण्याची वाट मोकळी असेल तर लोक यायला कचरत नाहीत.

तुझं खरं बळ मराठी शोधात आहे, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे दुसऱ्या कुणी आपल्यासाठी करून देणार नाही. बडोद्यात मराठी वाङ्मय परिषद आहे; २०१८ चं ९१ वं साहित्य संमेलन त्यांनीच भरवलं होतं. आता "वाङ्मय" हा शब्द लोक कसा टाइप करतात ते बघ. कुणी ङ चा पाय मोडतं, कुणी मोडत नाही, कुणी ङ सापडत नाही म्हणून ड घेऊन वाड्मय लिहितं, कुणी वांग्मय. नोंद एका पद्धतीनं आणि शोध दुसऱ्या पद्धतीनं, म्हणजे पुस्तक कपाटात असून सभासदाला "सापडलं नाही" असं उत्तर. मग ऱ्य घे. "किनाऱ्यावर" हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकदा नुक्त्याचा ऱ घेऊन, एकदा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुला मला फरक कळत नाही, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द. ॲ चंही तेच: एक अखंड अक्षर, आणि एक अ वर अर्धचंद्र चढवून केलेलं. ॲडव्होकेट आडनावासारखा लावणारे सभासद यादीत दोन ठिकाणी विखुरतात ते यामुळेच.

हे सगळं तू तुझ्या कोडात सांभाळलंयस, मला माहीत आहे. पण ते तुझ्या डोक्यात आहे. ते बाहेर काढ. अशा प्रत्येक शब्दासाठी एक चाचणी लिही: हा शब्द टाकला तर ही नोंद मिळालीच पाहिजे. उद्या नवीन आलेल्या मुलानं शोधाचा वेग वाढवायच्या नादात तुझी ओळ काढून टाकली, तर चाचणी लाल दिवा दाखवेल. तू जागेवर असायची गरज नाही. अकारविल्हेचंही तसंच. क्ष आणि ज्ञ आपण ह, ळ च्या पुढे शोधतो. संगणक सांगितल्याशिवाय त्यांना क आणि ज मध्ये घालतो. बडोद्याचं ग्रंथालय म्हटलं की मराठीशेजारी गुजराती पुस्तकं आलीच. एकाच लेखकाचं नाव दोन्ही लिप्यांत असतं. त्याचीही सोय करता आली तर सुरतेपासून मुंबईपर्यंतची ग्रंथालयं तुला दुवा देतील. सगळं पहिल्या दिवशी नको. पण "हे अजून व्हायचंय" असं लिहून ठेव, म्हणजे येणाऱ्याला काम दिसेल.

जुन्या याद्यांचं एक सांगायचं राहिलं. बऱ्याच मंडळांच्या ग्रंथसूची श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत टाइप केलेल्या आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. त्या बदलून घेणारा तुझा छोटा प्रोग्राम आहे ना, तो वेगळा काढून आधी तोच प्रसिद्ध कर. कुणाला अख्खी वेबसाइट नको असेल, पण तो हवा असेल. आणि फॉन्टच्या फायली रेपोत, म्हणजे कोडाच्या भांडारात, टाकताना डोळ्यांत तेल घालून बघ. कार्यालयात वापरायला घेतलेला फॉन्ट जगाला वाटायचा हक्क आपल्याला नसतो. मुंबईच्या एक टाइपनं केलेले मुक्त, बालू हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, देखणेही आहेत. पुण्यातून रेड हॅटनं पुढे नेलेला लोहित आहे. ते घे.

आता प्रसिद्ध करण्याआधीची साफसफाई. तुझ्या गिटच्या इतिहासात कुठेतरी डेटाबेसचा पासवर्ड असणार. सुरुवातीला सगळेच तो कोडात लिहून ठेवतात. नंतर ओळ पुसली तरी जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते आणि रेपो खुला झाला की मिनिटांत यंत्रं येऊन असे पासवर्ड वेचून नेतात. एक तर इतिहास नीट धुऊन काढ, नाहीतर स्वच्छ प्रत घेऊन नव्या रेपोत सुरुवात कर. काहीही कर, पण पासवर्ड बदल. ते टाळू नकोस.

त्याहून महत्त्वाचं, नमुन्याचा डेटा. तपासणीसाठी तू मंडळाच्या खऱ्या सभासदांची यादी वापरलीस, नाव, पत्ता, मोबाइल सगळं. ती कुठल्याही कोपऱ्यात राहता कामा नये. आणि नुसते फोन नंबरच नाहीत गं. कुणी कोणती पुस्तकं नेली हीसुद्धा त्या माणसाची खासगी गोष्ट आहे. एखादी बाई घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेते, एखादा मुलगा आजारावरचं. ते ग्रंथपाल आणि सभासद यांच्यातच राहिलं पाहिजे. मी तर म्हणेन, पुस्तक परत आलं की ती नोंद काही दिवसांनी आपोआप पुसली जावी, आणि ही सोय सुरुवातीपासूनच चालू असावी. ज्याला ठेवायची आहे त्यानं मुद्दाम बदलावी. खोटी नावं, खोटे नंबर घालून एक नमुना डेटाबेस कर. एक दुपार जाईल, जाऊ दे.

आता तू नोकरी करतेस त्या कंपनीचं काय? रुजू होताना सही केलेला करार काढून वाच. नोकरीत असताना लिहिलेला सगळा कोड कंपनीचा, असं कलम बऱ्याच करारांत असतं, घरी रात्री लिहिलेला असला तरी. माझ्या एका मैत्रिणीचं सुंदर काम याच एका कलमापायी कपाटात पडून राहिलं. तिनं तोंडी विचारलं होतं, साहेबांनी मान डोलावली होती, आणि साहेब बदलले. तू लेखी घे. ईमेलवर दोन ओळी पुरतात: हे काम माझं, माझ्या वेळेत, माझ्या लॅपटॉपवर केलेलं, कंपनीचा त्यावर दावा नाही. ते आल्याशिवाय रेपो उघडू नकोस.

परवान्याबद्दल तू विचारलंस, एमआयटी की जीपीएल. माझं मत सांगते, पटलं तर घे. एमआयटीत कुणीही तुझा कोड घेऊन, बदलून, बंद करून विकू शकतो. तुझं नाव तेवढं ठेवायचं. जीपीएलमध्ये बदललेला कोड दुसऱ्याला देताना तोही खुला द्यावा लागतो. पण वेबसाइटच्या बाबतीत इथे एक फट आहे. वेबसाइट चालवणारा कोड कुणाला देतच नाही, तो स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतो आणि लोक नुसती पानं बघतात. त्यामुळे जीपीएलचं बंधन लागूच होत नाही. ही फट बुजवायला २००७ मध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती आली: बदललेलं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून लोकांना वापरायला देत असाल, तर त्या वापरणाऱ्यांना बदललेला कोड मिळायची सोयही द्या. मंडळांच्या वर्गणीवर जगणाऱ्या ग्रंथालयांसाठी तू हे करतेयस, तर मी एजीपीएल घेईन. तुझा तो लिपी बदलणारा छोटा प्रोग्राम मात्र एमआयटीखाली सोड, तो जितका पसरेल तितका बरा. मुंबईच्या फ्राप्पेवाल्यांनी, रुशभ मेहतांच्या कंपनीनं, अशीच वाटणी केली आहे: वेबसाइटचा पाया असलेलं फ्रेमवर्क एमआयटीखाली, आणि त्यावर उभं केलेलं ईआरपीनेक्स्ट जीपीएलखाली.

परवान्याची फाईल मात्र हवीच. ती नसेल तर कोड सगळ्यांना दिसतो, पण कायद्यानं कुणालाच वापरता येत नाही. वर्डप्रेस आज एवढं मोठं झालंय, ते बी२ नावाच्या एका सॉफ्टवेअरवरून निघालं. बी२ चं काम थंडावलं होतं, वापरणारे खोळंबले होते. ते जीपीएलखाली होतं म्हणून २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ते उचललं आणि पुढे नेलं. परवाना नसता तर ते काम तिथेच मेलं असतं.

आता माणसं. मदत मागणारे फार, करणारे थोडे, हे धरून चाल. येणाऱ्याला पहिल्या तासात काहीतरी जमलं पाहिजे, नाहीतर तो परत फिरकत नाही. म्हणून कोऱ्या लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर दुसऱ्या कुणाला तरी बसवायला सांग आणि तू शेजारी तोंड मिटून बस. जिथे ते माणूस अडेल तिथे तुझ्या सूचनांत ओळ कमी आहे. बडोद्याच्या कलाभवनातली, इंजिनिअरिंगची मुलं आहेत, त्यांना विचार. पण त्यांच्याइतकंच ग्रंथपालबाईंनाही विचार. त्या कोड लिहिणार नाहीत, पण कुठलं बटण कुठे हवं, पावतीवर काय छापलं पाहिजे, थकबाकीचं पत्र किती मऊ भाषेत हवं, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. त्यांचंही नाव योगदान देणाऱ्यांच्या यादीत घाल, कोड लिहिणाऱ्यांच्या शेजारी, खाली वेगळ्या रकान्यात नाही. सूचना मराठीत आधी, मग इंग्रजीत.

पण भिडेला पडू नकोस. ऑक्टोबर महिन्यात हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम होतो. २०२० मध्ये बक्षिसाच्या टी-शर्टसाठी लोकांनी जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक पुल रिक्वेस्टचा, म्हणजे बदल आत घेण्याच्या विनंत्यांचा, भडिमार केला: कुठे एक स्वल्पविराम, कुठे "हे उत्तम आहे" अशी एक ओळ. सांभाळणारे लोक रडकुंडीला आले, आणि आयोजकांना मधेच नियम बदलून, ज्या प्रकल्पांची तयारी आहे तेवढेच घ्यायचे असं करावं लागलं. त्यात आपल्याकडची मुलंही होती, याचं मला वाईट वाटलं, कारण त्यांना कुणी नीट काम दाखवलंच नव्हतं. तू कोडिंगची शिबिरं घेशील तेव्हा किती पुल रिक्वेस्ट झाल्या हे मोजूच नकोस. एका मुलीनं एक चूक शोधली, तिची चाचणी लिहिली, दुरुस्ती केली आणि ती सॉफ्टवेअरमध्ये गेली, तर ते शिबिर साधलं.

नाही म्हणायला शीक. कुणी म्हणेल यात लग्नाच्या हॉलचं बुकिंग टाका, कुणी म्हणेल भिशीचा हिशेब टाका. गोड शब्दांत, कारण देऊन, लवकर नाही म्हण. उत्तरच न देणं सगळ्यांत वाईट. आणि थकलीस की तसं सांग. लपवू नकोस. एक्सझेड नावाचं एक छोटंसं सॉफ्टवेअर आहे, जगभरच्या लिनक्स सर्व्हरवर असतं. ते एकच माणूस फुकट सांभाळत होता आणि तो फार थकला होता. कुणीतरी दोनेक वर्षं गोड बोलत, मदत करत त्याचा विश्वास मिळवला, हक्क मिळवले आणि आत चोरवाट घातली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो खनपटीला बसला आणि चोरवाट उघडकीला आली. त्या थकलेल्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्या जोडीला आधीपासून दोन ओळखीची माणसं असती तर अशी वेळ आली नसती, एवढंच म्हणते. तुझ्या प्रकल्पात बदल आत घ्यायचा हक्क कुणाला द्यायचा, ते ओळखीच्या, प्रत्यक्ष भेटलेल्या माणसांपासून सुरू कर. आणि कुणाचाही बदल, तुझासुद्धा, दुसऱ्यानं वाचल्याशिवाय आत जाऊ नये.

पैशाचं लाजू नकोस. कोड फुकट, पण बसवून देणं, जुनी यादी घालून देणं, सर्व्हर चालवणं, बॅकअप घेणं ही मेहनत आहे. तिचा दर लावून जाहीर कर. फ्राप्पेची कमाई अशाच होस्टिंग आणि सेवेवर उभी आहे. सॉफ्टवेअरचा पसारा वाढला तर २०२० मध्ये उभी राहिलेली फॉस युनायटेड ही खुल्या सॉफ्टवेअरची संस्था आहे, झिरोधानं २०२४ मध्ये दर वर्षी दहा लाख डॉलर देण्यासाठी काढलेला फ्लॉस फंड आहे. पण अर्जाच्या आधी वापरणारी ग्रंथालयं दाखवता आली पाहिजेत.

राहिला तुझा मोठा बेत: स्वतःचा सर्व्हर घ्यायचा आणि मराठीतले सगळेच खुले प्रकल्प तिथे ठेवायचे, शब्दकोश, मोडी वाचायची साधनं, टंकलेखनाची साधनं. मल्याळी मंडळींनी स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग या नावाखाली अशी सगळी कामं एकत्र आणली आहेत, आपल्याकडेही व्हायला हवं. तरी सुरुवातीला सर्व्हर घेऊ नकोस. गुगलनं २००६ मध्ये गुगल कोड सुरू केलं आणि २०१६ मध्ये बंद केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला चालवत ठेवावंसं वाटलं नाही. तू एकटी दर आठवड्याला सर्व्हर अद्ययावत करत बसणार का? गिटहबवर किंवा बर्लिनच्या संस्थेच्या कोडबर्गवर एक गट उघड, आणि दुसरीकडे आरसा म्हणून प्रत ठेव. गिटची प्रत केली की कोड आणि त्याचा इतिहास येतो, पण चर्चा आणि तक्रारी येत नाहीत, आणि शहाणपण बरंचसं त्यांतच असतं. त्या दरमहा वेगळ्या उतरवून घे. चार-पाच प्रकल्प खरोखर नांदायला लागले, दोघं-तिघं सर्व्हर बघायला पुढे आले, की मग फोर्जेयो हे रेपो ठेवायचं सॉफ्टवेअर बसवून स्वतःचं घर करा.

आणि कुणाला जागा द्यायची, तर इथे आपल्या वाचनालयांचा जुना नियम लाव. आधी त्यांचा वाटा: दोन माणसं जी वर्षभर उत्तरं देतील, परवान्याची फाईल, आणि दुसऱ्याला बसवता येईल असं लिहिलेलं पान. एवढं घेऊन जो येईल त्याला जागा, नाव, तपासणीची यंत्रणा, सगळं दे, हात आखडता घेऊ नकोस. नुसती कल्पना घेऊन येणाऱ्याला प्रेमानं बसवून हे पान कसं लिहायचं ते शिकव, पण रेपो अजून नको.

पाडव्याला जाहीर करायचं म्हणतेस. माझं ऐकशील तर आधी दुसऱ्या एका ग्रंथालयात तू न जाता ते बसू दे. त्यांच्या बाईंनी बॅकअप घेतला, तो मुद्दाम पुसलेल्या संगणकावर परत चढवला आणि सगळ्या नोंदी जागेवर आल्या, की जाहीर कर. मग पाडवा असो की आषाढ. वाङ्मय, किनाऱ्यावर आणि ॲडव्होकेटच्या चाचण्या मी लिहायला घेतल्या आहेत, या रविवारी पाठवते. रेपोवर पहिली पुल रिक्वेस्ट माझी येईल. ताईची आहे म्हणून डोळे मिटून आत घेऊ नकोस, ओळ न् ओळ वाच, आणि जिथे खटकेल तिथे लिहून परत पाठव.